ताईचं लिनक्स

ताई अमेरिकेहून परत आली तेव्हा मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. तिथली तिची नोकरी गेली होती. बाबा तिला आणायला मुंबईला गेले आणि दोन मोठ्या बॅगा पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडल्या. आई शेजारीपाजारी सांगायची, "सुट्टीवर आलीये." चौथ्या महिन्यात समोरच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "बरीच मोठी सुट्टी देतात हो तिकडे." त्यानंतर आईने सांगणं बंद केलं.

ताई रडत नसे, चिडत नसे. भाजी निवडायची, टीव्ही लावून बसायची, दुपारी झोपायची. कॉम्प्युटरकडे फिरकायचीसुद्धा नाही. खरं तर तो तिचाच. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक सुटा भाग आणून तिने तो जुळवला होता. त्याच्या हार्ड डिस्कचे दोन भाग केले होते: एकात घरातल्यांसाठी विंडोज, दुसऱ्यात विंडोजऐवजी वापरायचं तिचं लिनक्स. परदेशी नोकरी मिळावी म्हणून पहाटे पाचला उठून ती त्यावर शिकायची. जाताना मला बजावून गेली होती, "माझ्या भागाला हात लावलास तर बघ."

आता विंडोजचा भाग गच्च भरला होता. माझ्या प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज सेव्ह होईनात. एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी विचारलं, "ताई, तुझ्या भागातली थोडी जागा देशील?"

"सगळी घे. काढून टाक तो."

"तुझं काही असेल ना त्यात? एकदा बघून घेतेस?"

"नको."

वर्गातल्या मैत्रिणीने मला सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून दिल्या होत्या. त्याप्रमाणे करत गेले. नक्की डिलीट करायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी 'वाय' दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिचा भाग, म्हणजे ते पार्टिशन, गेलं. आपल्याला वाईट वाटेल असं मी धरून चालले होते, पण काहीच वाटलं नाही. कागदावर पुढची पायरी होती रीस्टार्टची. ती केली.

काळ्या पडद्यावर एल आणि आय अशी दोन अक्षरं उमटली आणि सगळं तिथेच थांबलं. बंद करून चालू केला. पुन्हा तेच. सहा महिन्यांचं काम आत अडकलं होतं. मी ताईला हाक मारली.

ती मेथीचे हात फडक्याला नीट पुसून आली. पडद्याकडे पाहिलं.

"चालू झाल्यावर पुढे कुठे जायचं, हे तो लिनक्सच्या भागाला विचारायचा. तोच तू काढलास."

"तूच म्हणालीस काढ म्हणून!"

"हो. बूट फ्लॉपी कुठे आहे?"

कॉम्प्युटर अडला की ज्यावरून चालू करायचा ती फ्लॉपी मी खणातून शोधून दिली. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या वाकून तिने फ्लॉपी घालून कॉम्प्युटर चालू केला, एक ओळ टाइप केली, एंटर मारलं, फ्लॉपी काढून पुन्हा चालू केला. बोटं पूर्वीसारखीच झरझर चालत होती. विंडोज सुरू झालं.

"माझी ड्रॉइंग्ज?"

"आहेत. त्यांना काही झालंच नव्हतं. आता रिकाम्या जागेत नवीन पार्टिशन कर. फॉरमॅटला वेळ लागेल, मध्येच बंद करू नकोस."

ती आता बसेल, निदान दोन मिनिटं काहीतरी उघडून बघेल, असं मला वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली. पडद्यावरचे टक्के सरकत राहिले आणि मी ते बघत राहिले. शंभर झाल्यावर माझी ड्रॉइंग्ज तिकडे हलवली.

त्याच महिन्याच्या शेवटी ताईला घराजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी मिळाली. ती आनंदली नाही, नाहीही म्हणाली नाही. पहिल्या दिवशी मीच तिला स्कूटीवरून सोडलं. गेटपाशी उतरून तिने निऱ्या सारख्या केल्या.

"जा," ती म्हणाली, "तुला उशीर होईल."