तुरीतला वाघ

माझी ही फजिती अख्ख्या पवनारला ठाऊक झालीच आहे, तेव्हा तुम्हीही ऐकून घ्या. दुसऱ्याकडून ऐकाल त्यापेक्षा माझ्याच तोंडून बरी.

डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं, तेव्हापासून मी रोज सकाळी शिवारातल्या पांदणीच्या वाटेने जातो. कानात इअरफोन हवेतच. गाण्याशिवाय माझे पाय उचलत नाहीत. माझी बायको संध्या म्हणते, गाण्यानं व्यायामाचं वाटोळं होतं.

त्यातच हिवाळ्यात कोणाला तरी शिवारात वाघाच्या पंजाचे ठसे दिसले. संध्या दारात आडवी.

"कानात बोळे घालून जाता. मांगून वाघ आला तर कसा कळन तुमाले?"

"वाघ काय हॉर्न वाजवत येते?"

"मंग कोन्त्या पांदनीनं चालले ते तरी सांगून जा. शोधाले सोपं पडन."

आता एवढं ऐकल्यावर कोण इअरफोन घालणार? घरीच ठेवले. आणि तिथेच चुकलं. गाणं नसलं की काय काय ऐकू येतं, माहीत आहे? वाळकं पान सरकलं तरी मला घाम फुटत होता.

गुणवंताच्या वावरापाशी आलो. तूर माणसाच्या डोक्याइतकी उंच. आणि आतून आवाज आला. घोगरा, लांबलचक, मध्येच चिरकणारा. मला वाटलं, वाघानं कोणाला तरी धरलंय आणि दोघं मिळून ओरडताहेत.

मी पळालो. एक चप्पल तिथेच राहिली. थेट सडकेवरच्या चहाटपरीवर येऊन "वाघ" एवढंच म्हणालो आणि बाकावर आडवा झालो.

दहा-बारा जण जमले. "पाह्यला काय सर?"

एवढी माणसं काठ्या घेऊन उभी असताना नुसता आवाज ऐकला, असं कसं सांगणार? "पट्टे होते," मी म्हणालो. एकाने लगेच वनविभागाला फोन लावला.

तेवढ्यात कोणी तरी विचारलं, "अन् गुणवंता? थो तं सकाळीच वावरात गेलता."

माणूस आत होता आणि मी पळून आलो होतो. रस्ता दाखवायला मलाच पुढे केलं. पुन्हा पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

वावराशी पोचलो, तोच पुन्हा तो आवाज. सगळे चार पावलं मागे. आणि तुरीतून गुणवंता बाहेर आला, धडधाकट.

"काऊन जमले बे एवढे?"

"तुह्या वावरात वाघ हाय. सरनं पट्टे पाह्यले."

"वाघ कायचा? भोंगा हाय थो. रानडुकरायसाठी लावला."

"मंग भोंग्यात कोन वरडून राह्यलं?"

गुणवंताने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सर, राग नका मानू. तुमी कानात थे घालून मोठ्यानं गात जाता. तुमाले सोताले आयकू येत नसन. म्या मोबाईलमधी भरून घेतलं. आधी कुत्र्याचा आवाज लावला, वाघाचा लावला, डुकरं हालेनात. तुमचं गानं लावलं, तवापासून एक फिरकलं नाई."

कोणीच हसलं नाही. ते जास्त लागलं. फोनवाला तेवढा हळूच म्हणाला, "सर, साहेब निघाले म्हनते. पट्ट्यायचं काय सांगू?"

घरी पोचेपर्यंत बातमी पोचलेली होती. संध्याने पाणी दिलं आणि विचारलं, "मंग, गान्यानं व्यायाम होते काय?"

होतो. आयुष्यात पहिल्यांदा दोन किलोमीटर न थांबता धावलो, ते माझं गाणं ऐकूनच.