थ्रॉटलचा शून्यबिंदू

मोटरसायकल उड्डाणपुलाच्या ऐन माथ्यावर बंद पडली आणि त्या वेळी मागे बाबा बसले होते. एकटी असते तर मी निमूट बटण दाबून पुढे निघाले असते. बाबांनी मात्र मागचे हॉर्न आणि माझा घामेजलेला चेहरा यांची एकत्र दखल घेतली आणि आचोळ्याला घरी पोहोचताच निकाल दिला. वटारचे एक बागायतदार जुनी मोटरसायकल शोधत होते. रविवारी सकाळी त्यांना बोलवायचे.

"तुला स्कूटर घेऊ. गियरची कटकटच नको."

ही गाडी मुळात बाबांचीच. मला वसई पूर्वेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी आपणहून किल्ली माझ्या हातावर ठेवली होती. स्कूटरशी माझे वैर नव्हते. पण निदान न करता रुग्णच बदलून टाकण्याची पद्धत मला मान्य नव्हती. शिवाय मला हीच गाडी हवी होती, आणि या इच्छेला कोणत्याही शास्त्रीय आधाराची गरज नव्हती.

"रविवारपर्यंत दुरुस्त झाली तर?" मी विचारले.

"तर नाही विकणार. पण मी मागे बसणार, आणि त्याच पुलावरून जायचं."

अट स्वच्छ होती. मी ती स्वीकारली.

बिघाडाला एक शिस्त होती. गाडी सुरू व्यवस्थित होई, चढ जोमाने चढे, आणि पुढे रिक्षा आली म्हणून मी उजव्या मुठीतला थ्रॉटल पूर्ण सोडला की मात्र विझे. पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडत असती तर तक्रार चढावर उमटली असती. दोष जोराच्या टोकाला नव्हता, शून्याच्या टोकाला होता.

पेट्रोल-इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाला हवा देणारी झडप किती उघडली आहे, हे थ्रॉटल सेन्सर व्होल्टेजच्या रूपात गाडीच्या संगणकाला कळवतो. झडप मिटली की ठरावीक, अगदी लहान आकडा जातो आणि संगणक समजतो: चालकाने हात काढला, आता इंजिन तेवत ठेवणे माझे काम. झडप मिटलेली असताना सेन्सर जर "किंचित उघडी आहे" असे सांगत राहिला, तर संगणक चालकावर विसंबतो आणि चालक संगणकावर. दोघांच्या भरवशावर इंजिन मरते.

शनिवारी दुपारी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मी सेन्सरला व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला. आकडा दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा बराच वर होता. म्हणजे तर्क बरोबर निघाला. मग झडपेला टेकण देणारा स्क्रू पाहिला. कारखान्यात त्यावर लावलेली पिवळ्या रंगाची रेघ मधोमध तुटली होती. कोणीतरी तो फिरवला होता.

कोणी, याचा शोध घ्यावा लागला नाही. अर्नाळ्याचा मामा सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होता. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मामा हाती लागेल ते इंजिन उघडतो, आणि दिसेल तो स्क्रू आवळतो. समुद्रावर सैल स्क्रू म्हणजे संकट. त्यामुळे त्याच्या घरी ही रीतच आहे. आमच्या मोटरसायकलचाही त्यात दरवर्षी नंबर लागतो.

"मामा, या स्क्रूला तू हात लावलास?"

"लावला की. इंजिन दमत होतं. जरा वर घेतलं, तर कसं मोकळं वाजलं!"

"होडीला चालतं रे ते. हिला नाही चालत."

"इंजिन ते इंजिन गो. श्वास कोनाला पन लागतो."

त्याचे निरीक्षण चूक नव्हते. चुकला होता तो उपाय. मी हवेची रबरी नळी काढली. झडपेच्या कडेला काजळीचे जाड कडे बसले होते. श्वास कोंडला होता तो याने.

मामा वाकून बघत राहिला. "एवढी काजळी आमच्या चुलीला पन नाय."

फवारा आणि सुती कापड घेऊन मी झडप लखलखीत केली. पिवळ्या रेघेचे दोन्ही तुकडे जुळेपर्यंत स्क्रू मागे घेतला. आकडा उतरला, पण पुरता नाही. मामाने सेन्सरचे स्क्रू आवळताना सेन्सरही थोडा फिरला होता. मी ते सैल केले, सेन्सर केसभर वळवला, आकडा जागेवर आला. स्क्रू आवळले आणि तो पुन्हा वर सरकला. परत सैल, परत जुळणी, परत आवळणी, आणि परत तेच.

"तुझा मीटर पन कंटाळला," मामा म्हणाला. बोंबलांची पिशवी अजून त्याच्या हातातच होती.

वरून शेजारच्या काकूंनी डोकावून विचारले, "गाडी दुरुस्त करतेयस की सुटी करून विकतेयस?"

तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आकडा दर वेळी एकाच दिशेने आणि जवळपास तेवढाच सरकत होता. जी चूक प्रत्येक वेळी सारखीच होते ती चूक उरत नाही. ते एक माप होते, आणि माप वजा करता येते. मी सेन्सर वळवून आकडा मुद्दाम तेवढाच खाली धरला आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. आकडा चढत चढत नेमका पुस्तिकेतल्या मापावर येऊन थांबला.

मामाने मांडीवर थाप मारली. "अगो, आमी होडी धक्क्याला अशीच लावतो! पान्याची ओढ किती ते बघायचं नि वरच्या अंगाला रोख धरायचा. सरळ धरली तर धक्का चुकला!"

"मग हे आधी सांगायचंस."

"तू इचारलंस कुठं?"

निकाल बघायला मामाने मुक्कामच ठोकला.

रविवारी सकाळी बाबा हेल्मेट घालून, परीक्षकाचा चेहरा करून मागे बसले. पूल ओला होता. माथ्यावर पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. मी थ्रॉटल पूर्ण सोडला, क्लच दाबला आणि थांबले. इंजिन तेवत राहिले, शांत, एकसारखे. टेम्पो हलेना. मला तर तो हलूच नये असे वाटत होते.

"बंद पडली का?" बाबांनी मागून विचारले. इंजिनाचा आवाज इतका मऊ झाला होता की त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

"नाही, बाबा. चालू आहे."

त्यांनी हात पुढे करून टाकीवर ठेवला, थरथर तपासली आणि मग माझ्या खांद्यावर थाप दिली. उतारावर मी मोकळ्या गळ्याने हसत होते.

परतलो तेव्हा वटारचे बागायतदार मामाशी बोलत उभे होते. बाबा उतरले आणि म्हणाले, "माफ करा, गाडी विकायची नाही."

"अहो, परवाच तर विकायची होती!"

"परवा बिघडलेली होती."

"म्हणजे बिघडलेली मला देणार होतात!"

मामा पुढे सरसावला. "आमच्या पोरीनं नीट केली. मीटर लावून."

बागायतदारांनी इंजिनाचा आवाज नीट ऐकला, मग माझ्याकडे वळले. "पोराची गाडी अशीच सिग्नलला बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, नवीनच घ्या. तू बघशील का, बाय?"

"पुढच्या रविवारी घेऊन या," मी म्हणाले, "आणि तोवर या मामाला गाडीला हात लावू देऊ नका."

"मी तर नुसता बघायला येनार," मामा म्हणाला आणि बोटाने खिशातून डोकावणारा स्क्रू-ड्रायव्हर आत ढकलला.