डाव्या बाजूचा ब्रेक

माझा धाकटा भाऊ लोकांना गाडी चालवायला शिकवतो. चौदा वर्षं झाली, तो गाडीत डावीकडे बसतो आणि उजवीकडे बसणारा दर महिन्याला बदलतो. कधी बँकेतली बाई, कधी निवृत्त झालेला दातांचा डॉक्टर, कधी लग्नाला सहा महिने न झालेला जावई, ज्याला सासऱ्याने गाडी दिली पण चालवता कुठे येतेय. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणतात. मीही म्हणते, त्याचं शेंबडं नाक पुसण्यात माझं अर्धं बालपण गेलं तरी.

त्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक आहे, त्याच्या पायाशी. शिकणारा बावचळून भलतंच करायला लागला, की मास्तर पाय दाबतो आणि गाडी जागच्या जागी उभी. ओरडत नाही, कपाळावर हात मारत नाही. त्याचा एकच नियम. जे करणार ते आधी तोंडाने बोला. "आरसा बघितला. दिवा दिला. आता डावीकडे वळतोय." चांगली मोठी माणसं त्याच्या गाडीत अशी पुटपुटत जातात. तो म्हणतो, "शेजारच्याला तुमच्या मनातलं कळलं, की तो घाबरत नाही. तो घाबरला नाही, की तुम्हीही घाबरत नाही." मी त्याच्याकडे शिकले आणि परीक्षेत दोनदा नापास झाले. मला बोलता येतं, कुणालाही विचारा. पण मी करून झाल्यावर बोलते.

तर हा असला माणूस घरी एकदा न बोलता वळला. आणि तसं वळायला मीच सांगितलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

गेल्या वर्षी माझ्या भावजयीच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. लांबच्या शहरात, आणि नंतर किती महिने अंथरुणात ते डॉक्टरही सांगेना. पोरं दोन. थोरली सात वर्षांची. तिला मी फौजदार म्हणायचे, कारण तिच्या तावडीतून कुणी सुटत नसे. कुठे चाललात, कुणाबरोबर, परत कधी, पिशवीत काय. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा, त्याचं नाव भोंगा, ते का ते त्याच्या शेजारी बसल्यावर कळतं. ठरलं असं की पोरं माझ्याकडे राहतील. मास्तर म्हणाला, सांगून आणतो. मी म्हटलं, काही सांगू नकोस, नुसती रडारड होईल. बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलीयत मी, पोरांना कसं हाताळायचं ते मला कळतं, असा माझा समज. म्हणून त्याने पोरांना पहाटे उठवलं आणि सांगितलं, "चला, जरा चक्कर मारून येऊ." आई कुठेय, तर कामाला गेली. माझ्या घरी पोचेपर्यंत दोघंही गाडीत झोपली होती. तशीच उचलून आत आणून ठेवली. "झोपलेत तोवर नीघ," मी म्हटलं. तो निघाला.

चार महिने. जागी झाल्यावर फौजदार रडलीच नाही. मला वाटलं, बघा, जमलं की नाही. त्या चार महिन्यांत मी त्यांना काही कमी पडू दिलं नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की लेकरं अगदी रमलीयत.

भावजय बरी झाली, चालायला लागली, पोरं आपल्या घरी गेली. पण फौजदाराने विचारणं सोडलं. मास्तर म्हणायचा, "ताई, ती मला कुठे चाललास म्हणून विचारतच नाही गं. नुसती माझ्या बुटांकडे बघते." गाडीत बस म्हटलं की बसायची, उतर म्हटलं की उतरायची. बापावरचा तिचा भरवसा उडाला होता आणि तो कसा परत आणायचा हे त्याला कळत नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरांना तो तीस दिवसांत गाडी शिकवतो, स्वतःच्या पोरीपुढे मात्र त्याने हात टेकले होते.

म्हणून ही सहल. पाच दिवस, गाडीने, थेट समुद्रापर्यंत. पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. भावजयीचं ऑफिसचं दोन दिवसांचं प्रशिक्षण वाटेवरच्याच एका शहरात होतं. ती पुढे जाणार, आम्ही तिला घेऊन पुढे निघणार. आणि पोरांना काही सांगायचं नाही. एकदम समुद्रच दाखवायचा. ही अक्कलही माझीच. "सांगितलंस तर काय मजा राहिली?" मी म्हटलं. मास्तर जरा थांबला होता, पण मी बोलायला लागल्यावर माझ्यापुढे कोण टिकतो?

मी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे पोचले. फौजदाराने दार उघडलं, मला बघितलं, माझ्या पिशवीकडे बघितलं आणि आत निघून गेली. मी मनाशी म्हटलं, मोठी होतेय, लाजते. बॅग मास्तरने पोरं शाळेत असतानाच भरून गाडीत ठेवली होती. सकाळी सहाला त्याने दोघांना उठवलं आणि काय म्हणाला माहितीय?

"चला, जरा चक्कर मारून येऊ."

त्याच्या तोंडात आलं, तो बोलून गेला. मी शेजारी उभी होते, माझ्याही डोक्यात काही पेटलं नाही. आई कामाला गेलेली, आत्या आलेली, डिकीत बॅग, आणि तेच वाक्य. फौजदाराने बूट घातले. भोंग्याचे बंद तिनेच बांधले, दोनदा गाठ मारून.

दोन तास ती एक अक्षर बोलली नाही. भोंग्याचा हात मात्र सोडला नाही. भोंगा ट्रक मोजत होता, पाचाच्या पुढे त्याला येत नव्हतं म्हणून परत एकपासून. मी पुढच्या सीटवर बसून बिस्किटं मागे देत होते. तिने एकही खाल्लं नाही. मास्तर आरशातून सारखा तिच्याकडे बघायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा, म्हणजे थांब, समुद्र दिसू दे, मग बघ.

चहाला थांबलो तिथे ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मी पुढे बसू?"

मास्तर लहान मुलांना पुढे बसवत नाही. ह्यावरून त्याने सख्ख्या मेव्हण्याशी वाद घातलाय. पण पोरीने वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं. त्याचा चेहरा असा काही फुलला की मीच डोळे दुसरीकडे फिरवले. "बस," तो म्हणाला. "पट्टा लाव. खाली पायाशी ब्रेक आहे, त्याला पाय लावायचा नाही." तिने मान हलवली. तसेही तिचे पाय पोचत नव्हते. मी मागे भोंग्याजवळ गेले.

अर्ध्या तासाने मोठी निळी पाटी आली. सरळ बाण, त्यापुढे भावजयीचं शहर. डावीकडे बाण, त्यापुढे माझं गाव. गेल्या वर्षी तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती, आता येत होती. ती पाटी तिने वाचली, कारण मला मागून तिची मान तिकडे वळलेली दिसली. त्याच वेळी मागून एक मालवाहू ट्रक अंगावर आल्यासारखा हॉर्न वाजवायला लागला. आम्ही रस्त्याच्या उजव्या लेनमध्ये होतो. त्याला वाट द्यावी म्हणून मास्तरने डावीकडचा दिवा लावला.

टिक, टिक, टिक. मास्तरची पोरगी ती. डावीकडचा दिवा म्हणजे गाडी डावीकडे वळणार, हे तिला दुधाच्या दातांपासून ठाऊक. ती पट्ट्याखालून सरकली आणि सीटवरून खाली, पायांच्या जागेत गेली. मी "अगं" म्हणेपर्यंत तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

भोंगा पट्ट्यात अडकला, मी पुढच्या सीटवर आपटले. ट्रक आमच्या उजव्या आरशाला खेटून पुढे गेला, त्याचा हॉर्न कानात घुसून बसला. गाडी दोन लेनच्या मधोमध तिरकी उभी. मागून गाड्या येतच होत्या, कुणी डावीकडून जात होतं, कुणी उजवीकडून, प्रत्येक गाडी गेली की आमची हलायची. मास्तरने गिअर टाकला, गाडी जागची हलेना. खाली बसून तिने ब्रेक दाबून धरला होता, पाठ सीटला टेकवलेली, दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरलेला.

"पाय काढ," मी ओरडले. "अगं ए, मरायचंय का सगळ्यांना? पाय काढ आधी."

"ताई, तू गप्प बस," मास्तर म्हणाला.

चाळीस वर्षांत तो माझ्याशी असं बोलला नव्हता. मी गप्प बसले.

त्याने तिला हात लावला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, तिला दिसतील असे. आणि बँकेतल्या बाईशी बोलतो त्याच आवाजात बोलायला लागला. "आता मी काय करणार ते सांगतो. मी चारी दिवे लावले. आता मी आरशात बघतोय. निळी गाडी जाऊ देतो. गेली. मी तुला ओढणार नाही. तू पाय काढलास की मी गाडी त्या पांढऱ्या रेषेपलीकडे नेणार. आत्याच्या रस्त्याला नाही. फक्त रेषेपलीकडे, झाडापर्यंत. मग गाडी बंद करणार. मग चावी तुझ्या हातात देणार."

ती हलली नाही. मागे लांबवर एक बस दिसायला लागली. मी भोंग्याचा पट्टा सोडायला लागले.

"परत सांगतो," मास्तर म्हणाला, तितक्याच सावकाश. "रेषेपलीकडे. झाडापर्यंत. गाडी बंद. चावी तुला."

"आधी चावी," खालून आवाज आला.

"चावी काढली तर गाडी चालणार नाही. बस येतेय. मी खोटं बोललो, तर परत ब्रेक दाब. तो तुझ्याच पायाशी आहे."

तिने एक पाय काढला. मग दुसरा. गाडी रेषेपलीकडे गेली, झाडाखाली थांबली, इंजिन बंद झालं. बस भर्रकन निघून गेली. मास्तरने चावी काढून खाली तिच्या हातावर ठेवली. तिची मूठ मिटली आणि मगच त्याने स्वतःचा पट्टा सोडला.

"मला आत्याकडे नाही राहायचं," ती म्हणाली. "तू झोपेत सोडून जातोस."

मी तिथेच बसले होते, तिच्या मागे, हातभर अंतरावर. चार महिने मी तिचे केस विंचरले, ताप आला तेव्हा उशाशी बसले, आणि पोरीच्या मनात माझं घर म्हणजे तिला टाकून दिलेली जागा होती. राग यायला हवा होता, मला पटकन येतो. पण आला नाही, कारण ती खरं बोलत होती.

मास्तर म्हणाला, "आपण समुद्रावर चाललोय. पाच दिवस. आईला वाटेत घ्यायचंय."

"तेव्हाही आई कामालाच गेली होती."

तो उतरला, तिला उतरवलं आणि डिकी उघडून बॅग तिथेच गवतावर ठेवली. "तूच बघ," म्हणाला. तिने चेन उघडली. वर तिचे फ्रॉक, भोंग्याच्या चड्ड्या. तिचा चेहरा आणखीच बारीक झाला, कारण गेल्या वेळच्या बॅगेतही हेच होतं. मग तिने हात खाली घातला. बापाचा निळा शर्ट निघाला. दुसरा शर्ट. त्याची दाढीची पेटी. आईचा पिवळा ड्रेस, आईच्या कमरेचा पट्टा, जो मणक्यासाठी लागतो. एकेक वस्तू काढून ती गवतावर मांडत गेली. शेवटी तळाशी प्लास्टिकची लाल बादली निघाली आणि गाडीच्या खिडकीतून भोंग्याने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी "बादली" म्हणून आरोळी ठोकली.

"तुझे पण कपडे आहेत," ती म्हणाली.

"आहेत ना. मी पण राहणार आहे." मास्तर तिच्यासमोर उकिडवा बसला. "तेव्हा मी न सांगता गेलो. ते चुकलं माझं. आज पण सांगितलं नाही, ते पण चुकलं."

तिने सगळं परत बॅगेत भरलं. बापाचा शर्ट सगळ्यात वर ठेवला. मग मागे जाऊन भोंग्याशेजारी बसली, मी पुढे आले, आणि पट्टा लावल्यावर तिने पुढे हात करून चावी दिली. मास्तरने गाडी सुरू करण्याआधी कुठलीशी पिन काढून डावीकडचा ब्रेक मोकळा करून ठेवला, म्हणजे दाबला तरी लागू नये, आणि तेही तिला सांगून.

तिथून पुढे दीड तास तो बोलत होता. "आता फाटा येईल. आत्याचं गाव डावीकडे, आपण सरळ. आता पेट्रोल भरायचंय. आता मी उतरणार, ह्या काचेतून तुला दिसत राहीन." घसा बसला तरी बोलत होता. एका चौकात भावजय हातात फाइल घेऊन उभी दिसली आणि फौजदाराने वर्षभरानंतर चौकशीचा पहिला प्रश्न विचारला. "आई, तू इथे किती वाजल्यापासून उभी आहेस?" भावजयीला काही कळेना की मास्तर एवढ्या साध्या प्रश्नावर रस्त्याच्या कडेला गाडी लावून का रडतोय.

समुद्राचं मी काय सांगू, समुद्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. परत येताना त्यांनी मला माझ्या इमारतीपाशी सोडलं. वर या म्हणायचं नाही, हे मी वाटेतच ठरवलं होतं. पिशवी उचलली, येते म्हटलं आणि जिन्याकडे निघाले.

मागून फौजदाराचा आवाज आला. "बाबा, चावी दे." मास्तरने इंजिन बंद करून चावी दिली. ती माझ्याबरोबर दोन मजले चढून वर आली, स्वयंपाकघरात उभ्यानेच ग्लासभर पाणी प्यायली, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या मुठीत चावी.

"आत्या, तेव्हा बाबा निघाला तेव्हा तू मला उठवलं का नाहीस?"

माझ्याकडे चार कारणं तयार होती. वर्षभर तीच मी लोकांना सांगत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तिने ग्लास विसळून पालथा घातला. "पुढच्या वेळी उठव," म्हणाली, आणि चावी घेऊन खाली गेली.