मुद्देमालातली शिट्टी

ती सकाळ अजून माझ्या कानात आहे. पोलिसाला चेहरे आठवतात, पत्ते आठवतात. मला मात्र या प्रकरणातला एक आवाज आठवतो, आणि अंगावर काटा येतो.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस होते. कळंबच्या पलीकडच्या एका गावातून सकाळी आठला फोन आला की चौदा वर्षांची मुलगी शेततळ्यात बुडाली. आम्ही पोचलो तोवर तिला बाहेर काढून ठेवलं होतं. पायात पळायचे बूट तसेच होते. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. एकदा आत गेलेला माणूस हातपाय मारत राहतो, पण वर येऊ शकत नाही. या तळ्याला कुंपण नव्हतं आणि धरायला दोरही नव्हता.

मुलगी सरावाला आली होती. गावातला एक माणूस रोज सकाळी मुलामुलींना पळणं आणि कबड्डी शिकवायचा. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शिकवण्याचे पैसे तो घेत नसे, उलट बूट स्वतःच्या खिशातून आणायचा. गाव त्याला सर म्हणायचं. त्या दिवशी संध्याकाळी त्याच गावाने ठाण्याला वेढा घातला. मुलीच्या वडिलांनी फिर्याद दिली आणि चुलता दारात उभा राहून ओरडत होता, "त्या सराला आत टाका! त्यानंच शिट्टी मारून पोरगीला तिकडं बोलावलं!"

शिट्टीचं प्रकरण असं होतं. तो सगळा भाग बिबट्यांचा. मैदानाच्या तिन्ही बाजूंना ऊस. म्हणून सरांनी मुलांना एक नियम घोटून घोटून शिकवला होता. तीन लांब शिट्ट्या झाल्या की हातातलं सोडायचं, आणि आवाज येईल तिकडे सरळ पळत सुटायचं. विचार करायचा नाही. त्या सकाळी धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. अकरा मुलं उसामधल्या गाडीवाटेने पळत होती. तीन शिट्ट्या झाल्या, मागोमाग सरांची हाक आली, "माझ्याकडं या! सरळ या!" मागची दहा मुलं गोंधळून आल्या वाटेने मैदानाकडे वळली. ही सगळ्यांत पुढे होती, आणि शिकवल्याप्रमाणे आवाजाच्या दिशेने गेली. वाटेत तळं होतं.

दहाच्या दहा मुलांचे जबाब एकसारखे. मी सरांना समोर बसवलं.

"शिट्टी का मारलीस?"

"न्हाई मारली, साहेब. मी मैदानावरच व्हतो. शिट्टी गळ्यात व्हती."

"दहा मुलं खोटं बोलतात?"

तो खाली बघत म्हणाला, "पोरं खोटं न्हाईत बोलत. मलाबी ऐकू आली. माझीच शिट्टी व्हती, साहेब. माझीच हाक व्हती. उसातनं आली."

मला राग आला. आरोपी वेड पांघरायला लागला की मला नेहमीच राग येतो. मी जबाबाखाली शेरा लिहिला, 'विसंगत बोलतो.' शिट्टी जप्त केली, पाकिटात घालून लाखेचं सील केलं आणि मुद्देमालाच्या कपाटात ठेवली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा जामीनपात्र असतो, त्यामुळे त्याला सोडावं लागलं. पण गाव तापलेलं होतं, म्हणून रोज सकाळी सहा ते आठ हजेरीला ये असं सांगितलं. तो अंमलदारासमोरच्या बाकावर येऊन बसायचा. कुणी चहा दिला तर कप तसाच निवायचा.

पाचव्या दिवशी गावातली एक म्हातारी ठाण्यात आली. तिचं शेत त्या तळ्याच्या खालच्या अंगाला होतं. कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती म्हणाली, "साहेब, मास्तर सकाळच्याला तुमच्याकडंच असतोय न्हवं?"

"हो."

"मग शिट्टी कोन वाजवतंय?"

माझा हवालदार हसला. ती हसली नाही. "लई बायांनी ऐकली. आमी गवताला जायाचं बंद केलंय. पोरगीला बोलावलं, आता आनखी कुनाला बोलावतंय." तिने पदर घट्ट ओढून घेतला. भुताखेताचे अर्ज मी नोकरीत बरेच पाहिले होते, पण ती कुणाचं नाव घेत नव्हती आणि काही मागतही नव्हती. अशा माणसाचं ऐकावं हे मी अनुभवाने शिकलो आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी हवालदाराला घेऊन तळ्याच्या बांधावर उभा राहिलो. धुकं तसंच होतं. शेत मुलीच्या भावकीतलंच होतं, घरात सुतक, त्यामुळे तिकडे कुणी फिरकलेलं नव्हतं. पाऊण तास गेला. हवालदार हात चोळत म्हणाला, "साहेब, जाऊ या राव."

तेवढ्यात शिट्टी झाली. लांबलचक, एकामागून एक तीन. आणि मग आमच्यापासून वीसेक पावलांवर, उसातून, त्या माणसाचा आवाज आला, "माझ्याकडं या! सरळ या!"

मी ठाण्यात फोन लावला. अंमलदार म्हणाला, "इथंच आहे की साहेब, माझ्यापुढं बाकावर." कपाट उघडायला सांगितलं. सील शाबूत होतं. मी फोन कानालाच धरून होतो, आणि ती हाक परत आली.

आम्ही आवाजाच्या रोखाने ऊस बाजूला करत गेलो. तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यावर, उसात झाकलेला एक लोखंडी खांब होता; पहिल्या दिवशी तो आमच्या नजरेतून सुटला होता. त्यावर सौरऊर्जेचं पॅनेल, एक डबी आणि खाली तोंड केलेला भोंगा. अंधारात किंवा दाट धुक्यात जवळून काही हललं की आपोआप वाजणारं, बिबट्या पळवायचं यंत्र. खांबामागच्या ओल्या मातीत पावलांचे ठसे होते. मोठे, गोल, नखं न उमटलेले आणि ताजे. ज्याला घाबरवायला तो भोंगा लावला होता, तो त्याच्याखालून निवांत चालत गेला होता.

शेत मुलीच्या चुलत्याचं होतं. त्याला बोलावून मी भोंग्याचं विचारलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"दुकानदार म्हनला, मानसाचा आवाज भरा, जनावर भितं. सर मैदानात असले की बिबट्या फिरकत न्हाई, आमी बघितलेलं. म्हनून सराव चालला व्हता तवा मैदानाच्या कडंला उभा राहून सराची शिट्टी आन् हाक मोबाईलवर घेतली. पोरगी गेली त्याच्या आदल्या सांजंला भोंगा बसवला, आन् पहाटं गवार घेऊन मंचरला गेलो." मग त्याने माझा हात धरला. "साहेब, मी बोलावली व्हय तिला?"

या प्रश्नाला उत्तर देणं तपासात बसत नाही. उघड्या तळ्याबद्दल त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं आणि सरांचं नाव मी वगळलं. आधीचा शेराही माझाच होता, त्याची लाज मला आजही वाटते. तो माणूस पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

दोन महिन्यांनी तो ठाण्यात आला. हातात मुद्रांकाचा कागद होता. गावातल्या पालकांनी लिहून दिलं होतं की सरावात मुलांना काही झालं तर आम्ही सरांना जबाबदार धरणार नाही. खाली सह्या आणि अंगठे. पहिली सही त्या मुलीच्या वडिलांची होती. त्यांची धाकटी मुलगी आता पळायला येणार होती.

"साहेब, उद्या काय झालं तर ह्यो कागद मला वाचवंल का?"

हो म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटलं. रस्त्यात पडलेल्या जखमीला उचलणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. पण गावच्या पोरांना फुकट शिकवणाऱ्यासाठी तसं काही माझ्या माहितीत नव्हतं, आणि असल्या कागदाने फौजदारी गुन्हा टळत नाही.

"नाही," मी म्हणालो.

"म्हंजे परत तुमीच मला त्या बाकावर बसवनार?"

"फिर्याद आली तर बसवावं लागेल."

त्याने कागदाची घडी केली, मला नमस्कार केला आणि निघून गेला. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणूस अशक्य वाटणारं सांगत असला तरी शेरा मारण्याआधी जागेवर जाऊन उभं राहावं, हे शिकवलं. दुसरं सांगणं मला जड जातं. सरांना निर्दोष सोडवलं म्हणून त्या गावात अजून माझं नाव निघतं. त्यांना मैदानावरून उठवलं तेही मीच, हे मात्र कुणी बोलत नाही.