खुराड्यावरचं लोखंड

इद्दतचे चार महिने दहा दिवस संपवून मी कामावर परतले, तेव्हा जमादारांनी मला फायरिंगच्या रांगेपासून लांब बसवलं. मी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात शिपाई. नवरा दिग्रसच्या रस्त्यावर ट्रॉलीखाली सापडून गेला, त्यानंतर पुसदला अम्मीकडे होते. तिथे मी रडले नाही. अम्मीला त्याचीच जास्त भीती वाटायची. मला कशाचीच वाटत नव्हती.

शहराबाहेरच्या टेकडीखाली आमची रेंज आहे. वर्षाचा सराव चालू होता. एखाद्याची गोळी उडाली नाही, तर त्याने रायफल तशीच निशाणाकडे धरून थांबायचं, कारण ती उशिराही उडू शकते. मग जमादार ती गोळी काढायचे आणि माझ्या शेजारच्या वाळूच्या पेटीत आणून ठेवायचे. मी पेटीपाशी बसून राहायचे. आवाज व्हायचे, माणसं उठायची, दुसरी आडवी व्हायची. डबा उघडून जेवले की नाही, हे संध्याकाळी आठवायचं नाही.

एका दुपारी टेकडीपलीकडच्या बंजारा तांड्यावरची म्हातारी फाटकाशी आली. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. सरपण वेचायला ती रेंजच्या मागून जायची. पावसात मातीचा बांध खचला की जुनं काय काय वर येतं. तिने ओढणीची गाठ सोडली. आत हिरवट पडलेली काडतुसं होती.

“भंगारवाला घेत नाही म्हणते. तू घे.”

जमादारांनी ती जपून वाळूत ठेवली. “घरी अजून हायेत का, याडी?”

“हायेत ना.”

“जा हिच्यासंगं,” ते मला म्हणाले. “फक्त पाहून ये. हात लावू नको कशाले.”

तिचं घर तांड्याच्या टोकाला होतं. चुलीजवळच्या मडक्यात काडतुसं होती. ती पाहून मी बाहेर आले आणि भिंतीलगतच्या खुराड्याकडे नजर गेली. वर पत्रा, पत्र्यावर वारा लागू नये म्हणून ठेवलेले दोन दगड, आणि तिसरं एक गंजलेलं लोखंड. मुठीएवढं, अंगावर चौकटी पाडलेलं. कधीतरीच्या सरावात न फुटलेला हातबॉम्ब होता तो.

छाती धडधडायला हवी होती. मी फक्त त्याच्याकडे पाहत उभी राहिले. मग याडीचा हात धरला.

“चाल इथून.”

“काहून? काय झालं?”

“चाल म्हणलं ना.”

तिला लिंबाखाली नेऊन बसवलं. शेजारची घरं रिकामी करवली. जमादारांना फोन लावला, त्यांनी बॉम्बशोधक पथकाला कळवलं. याडीला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती उठून उभी राहिली.

“मायी कोंबडी आत हाये.”

“राहू दे.”

“अंड्यावर बसली हाये ती. खुडूक हाये. मी आणतो तिले.”

मी तिचं मनगट धरून ठेवलं. ती मला मारत होती, गोरबोलीत शिव्या देत होती. तांड्यावरच्या बाया पाहत होत्या. तिचे फटके मला लागत होते की नाही, हे आजही सांगता येणार नाही.

पथक आलं. त्यांच्यातल्या एकाने जाड पोशाख चढवला, जवळ जाऊन पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, “हा हलवता नाही येत. तिथंच उडवा लागते.” त्याने लांब बांबूने खुराड्याचं दार वर केलं. बाकीच्या कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या. ती आली नाही. बांबूने डिवचलं तरी नाही. खुडूक कोंबडी अशीच असते.

“झालं,” तो म्हणाला. “आता नाही थांबता येत.”

मडक्यातली काडतुसं वाळूत घालून गाडीत ठेवली. खुराड्याभोवती वाळूची पोती रचली, वायर ओढली, आम्हाला सगळ्यांना आणखी मागे नेलं. आवाज झाला तेव्हा सगळे खाली वाकले. मी उभीच राहिले. जमादारांनी खांदा दाबून मला खाली बसवलं. धूळ उतरली. घराच्या एका भिंतीला चीर गेली होती. माणूस कुणी जखमी नव्हतं.

याडी पोत्यांकडे पाहत होती. “उठली नाही ना ती,” एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

परत येताना गाडीत जमादार म्हणाले, “बरं केलं, धरून ठेवलं तिले.” मी मान हलवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एक कोंबडी घेतली आणि तांड्यावर गेले. कुणी सांगितलं नव्हतं. याडीने ती उलटी धरली, पोट चाचपलं.

“अंडे देते का हे?”

“माहीत नाही.”

“तुले काहीच माहीत नाही. म्हातारी हाये हे.” पण तिने कोंबडीचा पाय सुतळीने खाटेला बांधला. मग विचारलं, “मालक काय करते तुये?”

“वारले.”

ती उठली. आत जाऊन चहा घेऊन आली. “घे. लवकर पे, मले पाण्याले जायाचं हाये.”

मी लवकर प्यायले. जीभ भाजली. रेंजवर पोहोचले, पेटीपाशी बसले, आणि संध्याकाळपर्यंत ती भाजलेली जागा दातांना लागत राहिली.