उंबऱ्यावरचा तुकडा

बाळकुमच्या जनीच्या दारावरून जाताना दगडाबाईची मान आजही खाली जाते. हीच दगडाबाई पूर्वी ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची आणि तिच्या तोंडाला सारी आळी घाबरायची.

एकोणनव्वद साली ती तापाने आजारी पडली आणि तिचा बाजार सुटला. तिच्या टोपलीतलं खाऊन वाढलेली मांजरी तेवढी दारातून हलली नाही. मग रोज सकाळी उंबऱ्यावर मासळीचा कच्चा तुकडा दिसायला लागला, हळद माखलेला.

तळायच्या आधी मासळीला हळद लावतात, हे काय कोळणीला शिकवायचं? पण संशयाला डोकं नसतं. "करणी केलीस!" म्हणत तिने शेजारच्या जनीला भर आळीत चेटकीण ठरवलं. जनी गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे गुन्हेगारच, हे आमच्या आळीचं शहाणपण!

दुसऱ्या दिवशी दगडाबाई दाराआड बसून राहिली. जनीच्या खिडकीतून मांजरी उतरली, तोंडातला तुकडा तिने उंबऱ्यावर ठेवला आणि 'खा' म्हणाल्यासारखी दगडाबाईकडे बघत बसली. मांजर ज्याला आपलं मानतं, त्याच्यासाठी असं आणतं.

लाजेने अर्धी झालेली दगडाबाई जनीकडे गेली. "तुझे तुकडे मांजरी आणत होती गो."

"मांजरी?" जनी बघतच राहिली. "मला वाटलं, तूच नेतेस. आजारी बाई, मागायला लाजत असेल. म्हणून रोज एक तुकडा जास्त ठेवायचे. सगळ्यांदेखत ते कसं सांगणार होते?"