मुंबई टाइम आणि ताईचा मंगळ

विज्ञान आणि श्रद्धा एका घरात नांदू शकतात का, असा प्रश्न कुणी भाषणात विचारला की मला उठून जावंसं वाटतं. नांदतात हो. आमच्या डोंबिवलीच्या घरात गुण्यागोविंदानं नांदत होती दोघं, एकमेकांना कधी उलटून बोलली नाहीत. जे काय भोगायचं ते माझ्या ताईनं भोगलं.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, हायस्कुलात शास्त्र आणि भूगोल शिकवत. कंदील आणि मोसंबं घेऊन ग्रहण असं समजावायचे की ढ मुलालाही कळावं. मी त्यांची विद्यार्थिनी होते, तेव्हा हे ऐकीव नाही. सकाळी संध्या आणि पोथी, दुपारी गुरुत्वाकर्षण, रविवारी ओटीवर पंचांग. कुणी छेडलं तर म्हणायचे, "शास्त्र म्हणजे देवाच्या घराचा नकाशा. नकाशा कधी घराशी भांडतो का?" लोक माना डोलवायचे. मीसुद्धा डोलवलेली आहे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दिसायला नीटस, कामाला वाघ, मॅट्रिक झालेली. पण तिच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ, म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका. स्वराज्य आलं, रेशनची दुकानं आली, मंगळ काही हलला नाही. ठाण्याहून, कल्याणहून मंडळी यायची, पोहे खायची, पत्रिका घेऊन जायची आणि "जमत नाही" असा निरोप पाठवायची. मुलीला तोंडावर नकार देण्यापेक्षा ग्रहावर ढकललेलं बरं, नाही का? मंगळ काही भांडायला येत नाही.

त्यात एक स्थळ कल्याणचं होतं. जुनं घर, मुलगा बी.एस्सी., अंबरनाथला एका कारखान्यात केमिस्ट. त्याला ताई आवडली होती आणि ताईलाही तो. नंतर दोनदा तो काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे येऊन गेला आणि दोन्ही वेळा ताईनं स्वतः चहा नेऊन दिला, यावरून मी काय ते समजले. पण पत्रिका त्याच्या वडिलांकडे गेली आणि परत आली. रसायनं ओळखणारा तो पदवीधर वडिलांपुढे अवाक्षर बोलला नाही. ताईनं त्या दिवशी घरातली सगळी भांडी काढून चिंचेनं घासली, घासलेलीसुद्धा.

मग अप्पांना शोध लागला. मी त्याच वर्गात बसले होते. रेखांश शिकवत होते. प्रत्येक गावाची सूर्यावरून स्वतःची वेळ असते, आणि साऱ्या देशासाठी ठरवलेली स्टँडर्ड वेळ वेगळी, हे सांगता सांगता म्हणाले, "आपल्या मुंबईनंच बघा ना, कितीतरी वर्षं आपला निराळा टाइम चालवला, रेल्वेच्या घड्याळाच्या चाळीसेक मिनिटं मागे..." आणि थांबले. खडू हातात तसाच. मुलं हसायला लागली तरी त्यांना पत्ता नाही. तास संपल्यावर ते शाळेत थांबलेच नाहीत, छत्रीसुद्धा विसरून घरी गेले.

गोष्ट अशी होती. ताईचा जन्म कल्याणला, आजोबांच्या घरी. आजोबा मुंबईत एका जुन्या कचेरीत कारकून. कचेरी मुंबई टाइम पाळायची म्हणून आजोबांनी घरचं घड्याळही त्याच वेळेवर लावलेलं. गाडी पकडायची तर मनातल्या मनात बेरीज करून निघायचे. ताईची जन्मवेळ आजीनं त्याच घड्याळात पाहून सांगितली, आणि ज्योतिषीबुवांनी ती स्टँडर्ड समजून पत्रिका मांडली. अप्पांनी आता ती चाळीस मिनिटं मिळवली, ओटीवर बसून गणित केलं, आणि लग्नरास पुढे सरकली. मंगळ सातव्या घरातून सहाव्यात गेला. सहाव्यातला मंगळ शत्रूंचा नाश करतो म्हणे, नवऱ्याचा नव्हे.

अप्पा इतके खूष मी कधी पाहिले नव्हते. आईला बोलावून बोलावून गणित दाखवत होते, तिला एक अक्षर कळत नसतानाही. मी मात्र चिडले. म्हटलं, "अप्पा, म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या कागदावरून लोकांनी ताईला नाकारलं. मग टाका ना तो चुलीत."

"अगं वेडे, चुलीत कशाला? शास्त्रानं ती शुद्ध झाली. बघितलंस, दोन्ही कशी एकमेकांच्या मदतीला येतात."

ताई म्हणाली, "जाऊ दे गं." ती खुशीत होती आणि तिला ती खुशी कुठल्या दारानं आली याच्याशी कर्तव्य नव्हतं.

अप्पा नवी पत्रिका घेऊन कल्याणला, त्या केमिस्टच्या घरी गेले. व्याही होऊ घातलेले गृहस्थ स्वतः पंचांगात मुरलेले. त्यांनी गणित तपासलं, मान्य केलं. लग्न झालं. आणि बरं का, संसार छान चालला होता. ताई माहेरी आली की मेव्हण्यांबद्दल एवढं बोलायची की मी तिला चिडवायचे, अगं, श्वास तरी घे.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी कल्याणात टायफॉइडची साथ आली. ताईच्या सासरी पिण्याचं पाणी अंगणातल्या विहिरीचं. ताईनं ते उकळायला सुरुवात केली, कारण तिला अप्पांनीच तसं शिकवलेलं. पाण्यातले जंतू हा त्यांचा आवडता धडा. सासूबाईंनी पातेलं चुलीवरून उतरवलं. रोज जिची पूजा करतो त्या विहिरीचं पाणी उकळायचं म्हणजे तिला अपवित्र म्हणायचं, आमच्या घरात हे चालायचं नाही, म्हणाल्या. ताईनं अप्पांना निरोप धाडला, तुम्ही एकदा येऊन समजावून सांगा, तुमचं ते ऐकतील. अप्पांचं उत्तर मला तोंडपाठ आहे. "व्याह्यांच्या घरच्या आचारात आपण कसं बोलायचं?"

ग्रहांच्या बाबतीत बोलता आलं होतं. चाळीस मिनिटांचा हिशेब घेऊन गडी तडक कल्याण गाठतो, आणि एक पातेलं पाणी उकळा एवढं सांगायला त्याची जीभ रेटत नाही.

मेव्हणे आजारी पडले. आधी दृष्ट काढली, मग अंगारा लावला, मग डॉक्टर. तोवर आतड्याला छिद्र पडलेलं. ते गेले तेव्हा ताई तेवीस वर्षांची होती.

दिवसकार्य उरकल्यावर तिचे सासरे तिला आमच्याकडे घेऊन आले. सोबत तिची ट्रंक आणि दोन पत्रिका, जुनी आणि नवी. त्यांनी त्या अप्पांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाले, "मास्तर, घड्याळाची गोष्ट सांगून तुम्ही आमचा मुलगा घालवलात. पहिलीच पत्रिका खरी होती."

मुलगा गेलेल्या बापाला मी काय बोलणार? दुःखात माणूस काहीही धरून बसतो. पण मी अप्पांकडे बघत होते. मला वाटलं आता हे बोलतील. साथ होती म्हणतील, विहीर म्हणतील, जंतू म्हणतील, निदान पृथ्वी कुणासाठी उलटी फिरत नाही एवढं तरी म्हणतील. अप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलो. मी त्यात हात घालायला नको होता."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाहेर आली. "अप्पा, त्यांना टायफॉइड झाला होता."

"हो, बाळ. पण निमित्त..."

"निमित्त कोण? मी?"

अप्पांनी उत्तर दिलं नाही. आज इतकी वर्षं झाली, आईवडिलांवर राग धरू नये म्हणतात, पण त्या न दिलेल्या उत्तराचा राग माझा गेलेला नाही आणि जाऊही नये. गणित त्यांनी स्वतः केलेलं. ते चुकलेलं नव्हतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आनंदाच्या दिवशी शास्त्राची पाठ थोपटायची आणि वाईट दिवस आला की त्याला दाराबाहेर उभं करायचं, याला म्हणे समन्वय. समन्वय कसला, सोय. शाळेत दुसऱ्या दिवशी त्यांनी जंतूंचाच धडा शिकवला, आणि नेहमीसारखाच उत्तम शिकवला.

ताई घरात राहिली. कुंकू गेलं, हळदीकुंकवाची बोलावणी गेली. अप्पा महत्त्वाच्या कामाला निघाले की ती आपणहून मोरीकडे वळायची, समोर यायला नको म्हणून. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. आणि कुणी तिला तसं करू नकोस असंही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मला बघायला ठाण्याहून मंडळी आली. पोहे ताईनंच केलेले. माझी वेणी तिनंच घातली, गजरा माळला, लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतेस." तेवढ्यात अप्पा आत आले. आवाज अगदी मऊ होता, तो मला जास्त झोंबला. "तू जरा मागच्या खोलीत बस हं, बाळ. मंडळी जाईपर्यंत."

ताई गेली. हातावरचं कोथिंबिरीचं पान झटकत गेली.

मी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या आणि तिच्यामागून जाऊन तिच्या शेजारी बसले. अप्पा दाराशी आले. मी म्हटलं, ताई माझ्याबरोबर बाहेर येत असेल तर मी येते. मग बाहेर जाऊन त्यांनी पाहुण्यांना सांगितलेलं आम्हा दोघींना ऐकू आलं: मुलीला अचानक ताप भरलाय.

"जा गं," ताई म्हणाली. "माझ्यापायी तुझं नको."

मी गेले नाही.